बिनगाठीचे चार कोपरे

हमीदा, राहणार राजिवडा, रत्नागिरी. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, लेस विणणाऱ्या बायकांच्या यादीतून तिचं नाव खोडण्यात आलं. निळ्या पेनानं, एका रेघेत. यादीत सात बायका होत्या, सहा उरल्या. त्या सहा जणींना कारागीर म्हणून ओळखपत्रं मिळाली. ज्यांच्याकडे ओळखपत्र आहे त्यांनाच, लेसचा वर्ग चालवणाऱ्या हस्तकला संस्थेत, पुढे शिकवता येतं. सातवीनं केलेलं काम मात्र काचेत बसवून भिंतीवर लावलं गेलं आणि त्याच्याखाली सहाच नावं लागली. वेळ मला नक्की ठाऊक आहे. वर्गाची हजेरी मीच ठेवायचे, वही माझ्या हातात होती आणि घड्याळ समोर होतं.

एवढं पत्रकात मावतं. आमच्या महिला संघटनेतर्फे मी तसं पत्रक काढलंही, बंदरावर उभी राहून वाटलंही. काहींनी घडी घालून खिशात ठेवलं, काहींनी त्यावर भजी खाल्ली. पण आता बंदीचे दिवस पुन्हा आले आहेत, आणि पत्रकात जे मावलं नव्हतं ते या ओल्या हवेबरोबर परत येऊन बसलं आहे.

बंदी म्हणजे दर्यावरची बंदी. पावसाळ्याचे दोन महिने होड्या समुद्रात जात नाहीत. वर ओढून ठेवलेल्या असतात, निळ्या प्लास्टिकखाली, पोटं टेकून बसलेल्या. एरवी डिझेलच्या आणि माणसांच्या आवाजानं भरलेला काठ गप्प होतो. वास तेवढा राहतो: ओल्या जाळ्यांचा, सुकटीच्या डब्याचा, चिऱ्याच्या भिंतीवर चढणाऱ्या शेवाळाचा. घरोघर दाराच्या चौकटीला जाळी बांधून माणसं ती दुरुस्त करत बसतात. तो काळ हातांचा असतो. दर्या गप्प असला की हात बोलतात.

मासे नसले की बर्फही लागत नाही. बंदरामागचं एक बर्फाचं गोदाम या दोन महिन्यांत रिकामं पडतं. गेल्या वर्षी लेसचा वर्ग तिथे भरला. बर्फ नव्हता तरी भिंतींत गारवा मुरलेला होता. बायका पाय पोटाशी घेऊन पोत्यांवर बसायच्या, आणि पत्र्यावर पावसाचा मारा सुरू असताना त्याच्याखाली एक दुसराच बारीक आवाज चालू असायचा. लाकडावर लाकूड आपटल्याचा, टिक टिक टिक. सात उशांवरचे बॉबिन, म्हणजे धागा गुंडाळलेल्या लाकडी कांड्या, एकमेकांना लागत. आज कुठे चमचे धुतल्याचा आवाज आला तरी मला ते गोदाम आठवतं.

शिकवणाऱ्या सेलीनबाई मूळच्या सावंतवाडीकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, नवऱ्याच्या नोकरीपायी रत्नागिरीत आल्या त्या इथेच राहिल्या. लहानपणी मठातल्या सिस्टरांकडून त्या ही लेस शिकल्या. मिलान हे इटलीतलं शहर त्यांनी पाहिलेलं नाही, पण मिलानी लेस त्यांच्या बोटांत होती. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यावर भरवसा नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला घाई आहे. तुमच्यातली एक तरी माझ्यानंतर शिकवायला उभी राहायला हवी. ती कोण ते मला माझे डोळे आहेत तोवर दिसू दे."

ज्यांनी ही लेस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पेंढा ठासून भरलेली एक कडक उशी असते. तिच्यावर भोकं पाडलेला नक्षीचा कागद, भोकांत पितळी टाचण्या. पितळीच, कारण इथल्या हवेत लोखंडी टाचणीचा गंज दोन दिवसांत पांढऱ्या धाग्यावर उतरतो. दोन बॉबिनवर गुंडाळलेले दोन धागे म्हणजे एक जोडी. बऱ्याच जोड्या उभ्या लोंबत असतात आणि एक फिरती जोडी त्यांच्यातून आडवी जाते, टाचणीला वळसा घालून परत येते. अशी एक पट्टी तयार होत जाते. मिलानी लेसमधली पट्टी सरळ चालत नाही. खाडीसारखी वळते. कुठे पोट सुटल्यासारखी रुंद, कुठे मुठीत मावेल अशी अरुंद. रुंद होते तिथे नव्या जोड्या घालाव्या लागतात, नाहीतर वीण विरळ पडते. अरुंद होते तिथे जोड्या कमी कराव्या लागतात, नाहीतर धागे एकमेकांच्या अंगावर चढतात आणि पट्टी फुगते. घालणं आणि कमी करणं, सगळी कला तिथेच आहे. बाकीचं, सेलीनबाईंच्या शब्दांत, "हात हलवणं."

हमीदाखाला वर्गात आली ती सुपासारखी पसरट पिशवी घेऊन आणि दारातच म्हणाली, "मोठी जाळी मना येतत. ही बारकी कशी काय ती बघू या." पन्नाशीची बाई. नवरा होडीवर खलाशी, मुलगा कुवेतला. जाळं विणायला तिला तिच्या बापानं शिकवलं होतं. बापाला मुलगा नव्हता म्हणून नव्हे. तिचा हात चांगला होता म्हणून. हे ती स्वतः सांगायची, आणि दोनदा सांगायची.

जाळ्यातही कमी करणं असतं. जाळ्याच्या डोळ्याला इथे आस म्हणतात. तोंडाशी मोठं असलेलं जाळं शेपटीकडे निमुळतं करायचं तर दोन आस एकत्र घेऊन गाठ मारतात. गाठ हाच जाळ्याचा जीव. त्यामुळे पहिल्यांदा जोडी कमी करायची वेळ आली तेव्हा हमीदाखालानं जे केलं ते राजिवड्यातल्या कुणीही केलं असतं. तिनं जोडी बाजूला घेतली, दोन धाग्यांची घट्ट गाठ मारली आणि धागा दातांनी तोडला.

"हे काय केलंस गो?" सेलीनबाईंनी विचारलं.

"गाठ मारली."

"कशाला?"

हमीदाखालानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू जेवायचं कशाला असं कुणी विचारलंय. "कशाला म्हंजे? गाठ नाय मारली तर सुटंल सगळा. मासा जाईल."

"अगो, हिच्यात मासा कुठून येणार?"

"येईल, येईल," पलीकडून शेवंती म्हणाली. "एखादं चिंगूळ तरी येईलच." शेवंती आतल्या गावची, नवरा मुंबईला, रोज एसटीनं यायची. उशांतला पेंढा तिनंच आणलेला होता, त्यामुळे कुणाचीही चेष्टा करायचा हक्क आपल्याला आहे असं ती धरून चालायची.

सेलीनबाईंनी तो तुकडा बोटांखाली फिरवला. जिथे गाठ होती तिथे खडा लागत होता. मग त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते मी त्याच दिवशी हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं: "लेसमध्ये तोडायचं नाही, सोडायचं. आणि सोडलं म्हणून लगेच कापायचं नाही. धागा मागे टाकायचा. चार ओळी पुढे जाऊ द्यायच्या. विणीनं त्याला धरलं की मग कात्री."

सोडणं आणि तोडणं. मराठीत एका अक्षराचा फरक, उशीवर चार ओळींचा.

हमीदाखालाला वाक्य कळलं, अंगठ्याला कळेना. तिचा उजवा अंगठा तिच्या आधी गाठ मारून मोकळा व्हायचा. ती स्वतःच्या हाताकडे बघून म्हणायची, "मेल्या, थांब ना." शेवटी सेलीनबाईंनी त्या अंगठ्याला चिंधी बांधली, आठवण म्हणून. पंधरा दिवस ती चिंधी घेऊन राजिवड्यात फिरत होती. कुणी विचारलं, काय लागलं, तर सांगायची, "अक्कल लागली."

त्या पहिल्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मी केली. वर्गाची फाईल माझ्याकडे होती. मी प्रत्येक बाईच्या नावाचं एक पान केलं आणि त्यावर दोन चौकटी आखल्या. वर 'पहिला नमुना', खाली 'अंतिम नमुना'. प्रगती दिसावी म्हणून. मला ती कल्पना फार हुशारीची वाटली होती. हमीदाखालाच्या पानावर वरच्या चौकटीत मी तो गाठीचा तुकडा चिकटवला.

आषाढातले ते दिवस आता एकात एक विरघळलेले आहेत. दुपारी दोन वाजता दिवा लावावा लागे. सेलीनबाई कोरा चहा करायच्या, गवती चहाची पात घालून. हमीदाखाला कधी सांदण आणायची, तांदळाचं आणि नारळाच्या रसाचं. शेवंती खाताखाता म्हणायची, "हे कसलं सांदण? सांदण फणसाचं." मग दोघींची जुंपायची. "फणस काय तुमच्या बापसाचा?" "आमच्या सासऱ्याचा हाय, ये बघायला." खाऊन झालं की सगळ्या जणी हात साबणानं धुवायच्या, पुसायच्या, वाळवायच्या, आणि मगच उशीला हात लावायच्या. एका पांढऱ्या धाग्यापुढे सात बायका इतक्या सोवळ्यानं वागतात हे मी तिथे पाहिलं. त्या सोवळ्यात कुणाला बाहेर बसवत नव्हते.

एकदा सेलीनबाईंनी जोडी कमी करायची खरी युक्ती दाखवली. कमी करायची आहे एक जोडी, म्हणजे दोन धागे. पण ते दोन्ही एकाच जोडीतले काढायचे नाहीत. तसे काढले तर तिथे सरळ फट पडते. शेजारशेजारच्या दोन जोड्या घ्यायच्या, एकीतला एक धागा आणि दुसरीतला एक मागे टाकायचा. मग ज्यांचे जोडीदार गेले ते दोन उरतात, आणि त्या दोघांची नवी जोडी होते. आणि कडेच्या जोडीला कधीही हात लावायचा नाही. कड गेली तर पट्टीच उसवते.

शेवंती उशीवर वाकून बघत होती. "म्हणजे," ती म्हणाली, "मी नि माझी सासू."

"काय?"

"माझा नवरा मुंबयला, सासूचा वर गेला. म्हणजे माझा सासरा. ऱ्हायलो कोण? मी नि ती. झालीच ना नवी जोडी?"

सगळ्या हसल्या. हमीदाखालाला तर ठसका लागला. हसणं ओसरलं तशी एकेक जण आपापल्या उशीवर वाकली. पत्र्यावर पाऊस होता. टिक टिक पुन्हा सुरू झाली. मला वाटतं प्रत्येक जण आपापल्या घरातले धागे मोजत होती.

मी तेव्हापासून आमच्या गावांकडे तशी बघायला लागले आहे. आतल्या वाड्यांवर जा. पट्टी अरुंद झालेली आहे. घरं तितकीच, माणसं कमी. पण फट दिसत नाही, कारण कुणीतरी शेजारच्याचा हात धरलेला असतो. सासू-सून, दोन जावा, म्हातारा आणि शेजारची विधवा भावजय. तिकडे राजिवड्यात मुलगे आखातात. ईदला येतात तेव्हा गल्ली रुंद होते. गणपतीला शेवंतीची वाडी रुंद होते. लेसमध्ये नवी जोडी घालताना ती आधी एका वेगळ्या टाचणीवर नुसती टांगतात. विणीला तिची सवय झाली, दोनचार ओळींनी तिला धरलं, की ती टाचणी काढून घेतात आणि धागा हलक्या हातानं खाली ओढून बसवतात. आमची मुंबईकर माणसं त्या टाचणीवरच असतात. वीण धरायच्या आत परतीचा दिवस येतो.

हे लिहिताना मला माझाच राग येतो. कारण मी पत्रकांत 'स्थलांतर' लिहीत आले आणि त्या शब्दात शेवंतीची सासू कधी दिसली नाही.

श्रावण लागला तसं मोठं काम सुरू झालं. एक चौकोनी रुमाल, भोवती मिलानी पट्टीची झालर. सरळ बाजू सहा जणींनी वाटून घेतल्या. चार कोपरे राहिले. कोपऱ्यात पट्टी फुलासारखी फुगून उलगडते, वळते आणि पुन्हा बारीक होते. तिथे जवळजवळ प्रत्येक ओळीला जोडी घालायची किंवा सोडायची. शेवंतीनं एकदा करून पाहिलं आणि "माझ्यान नाय होणार" म्हणून उशी ढकलली. सेलीनबाईंनी हमीदाखालाच्या अंगठ्यावरची चिंधी स्वतः सोडली आणि कोपऱ्याचा कागद तिच्या उशीवर लावला.

ती ते कोपरे विणताना मी तिला पाहिलं आहे. एरवी बडबडी बाई. त्या दिवसांत ओठ मिटलेले. जोडी सोडायची वेळ आली की हात एक क्षण हवेत थांबायचा. अंगठा जुन्या सवयीनं वाकायचा, आणि ती त्याला सरळ करायची. मग धागा मागे. मग पुढे चार ओळी. मग त्या मागे टाकलेल्या धाग्याला ती हळूच ओढून बघायची, विणीनं धरलंय का. आणि मग कात्री. चौथा कोपरा झाला तेव्हा सेलीनबाईंनी डोळे मिटले आणि चारही कोपऱ्यांवरून बोटं फिरवली. दोनदा फिरवली.

"कुठे सोडलंस ते मला सापडत नाही," त्या म्हणाल्या. "आता मी गेले तरी चालेल."

"कुठं जाताव? चाय प्या," हमीदाखाला म्हणाली. तोंड फिरवलं होतं तिनं.

मी फाईल काढली. हमीदाखालाच्या पानावर खालची चौकट रिकामी होती. बाकीच्यांनी अंतिम नमुन्याचे वेगळे तुकडे विणून दिले होते; हिचा सगळा वेळ कोपऱ्यांत गेला होता. मी चौकटीत लिहिलं, 'कोपरे पाहा'. पेन्सिलनं लिहिलं. नंतर नीट करू म्हणून.

नारळी पौर्णिमेला होड्यांची पूजा झाली, नारळ वाहिला, दर्या मोकळा झाला. सेलीनबाई त्याच दिवशी बहीण गेल्याचा फोन आला म्हणून सावंतवाडीला गेल्या. दुसऱ्या दिवशी संस्थेचे साहेब यादी पक्की करायला आले. वाईट माणूस नव्हता. चपला दारात काढल्या, पाणी मागितलं, फाईल चांगली ठेवली म्हणून माझं कौतुक केलं. पानं उलटत गेले. हमीदाखालाच्या पानावर थांबले.

"या बाईंच्या कामात गाठी आहेत."

"सायब, तां पैल्या आठवड्यातलां," हमीदाखाला म्हणाली. "नंतरचा माझा काम तिकडं हाय. ते चार कोपरे."

रुमाल टेबलावर पसरलेला होता. साहेबांनी वाकून बघितला. चष्मा काढून बघितला. "छान आहे. पण हे तुम्ही केलंय हे कशावरून? सगळं एकसारखंच तर दिसतंय."

सगळं एकसारखं दिसावं म्हणूनच तर ती दोन महिने झगडली होती. एक गाठ असती, एक खडा बोटाला लागला असता, तर ओळख पटली असती: ही जाळं विणणारीची गाठ. तिनं ती ठेवली नाही. चोख काम केलं आणि त्या चोख कामात ती दिसेनाशी झाली.

"मी सांगते ना," मी म्हणाले. "मी रोज इथे होते."

"ताई, सांगण्यावर नाही चालत, नमुन्यावर चालतं. आणि हे तुमच्याच फाईलमधलं आहे." त्यांनी रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "कोपरे पाहा म्हणजे काय? कुठले कोपरे?" पेन्सिल ओल्या हवेत पुसट झाली होती. 'पाहा' तर वाचतासुद्धा येत नव्हतं.

मी शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीनं जमिनीकडे पाहिलं. तिचं ओळखपत्र त्याच यादीवर अवलंबून होतं. मी तिला दोष देत नाही, असं लिहायला हवं. देते. थोडा देते. मी स्वतःला देते त्याच्या निम्मा.

मग ती रेघ. सोडणं नव्हे, तोडणंही नव्हे. खोडणं. मागे टाकणं नाही, चार ओळी थांबणं नाही, विणीनं धरलंय का ते ओढून बघणं नाही.

लोक मला विचारतात, तिचं नाव हमीदा होतं म्हणून झालं का. मला माहीत नाही. उरलेल्या सहांत दोघी राजिवड्याच्याच, मुसलमानच आहेत. शेवंतीची चौकट रिकामी असती तर साहेब तिच्यासाठी दहा मिनिटं थांबले असते का, तेही माहीत नाही. माणसाच्या मनात शिरून मी पत्रक लिहीत नाही. जे डोळ्यांसमोर झालं ते लिहिते: एका बाईनं सांगितलं, हे माझं काम आहे, आणि तिच्या शब्दाला किंमत नाही असं तिला सांगण्यात आलं, आणि तिथे असलेल्या आम्ही सगळ्यांनी ते होऊ दिलं.

हमीदाखाला रडली बिडली नाही. बॉबिन मोजून परत केले, टाचण्यांची डबी परत केली, पोत्यावरचा कचरा झाडला. दारातून बाहेर पडताना मला म्हणाली, "खोडलान ना? ऱ्हावंदे. तू जेवून घे."

सेलीनबाई परत आल्यावर तडक संस्थेत गेल्या. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, यादी पुढे गेली. यंदा त्यांचा दुसरा डोळाही गेला. वर्ग याही वर्षी त्याच गोदामात भरतो आहे, शेवंती शिकवते. मी एकदा दारातून डोकावले. सरळ पट्ट्या. सगळ्या उशांवर सरळ पट्ट्या, रेल्वेच्या रुळांसारख्या. कोपरा आला की तोडतात आणि नवी पट्टी जोडतात. शेवंतीनं मला पाहिलं आणि उठून बाहेर आली. "तिला आण ना गो," म्हणाली. "मना पट्टी वळवताच येत नाय. पोरी इचारतत, कोपरा कसा, मी काय सांगू? साहेब म्हणतो, कार्ड नाय तर वर्गात बसवू नका."

म्हणून गेल्या आठवड्यात मी राजिवड्याला गेले. हमीदाखाला पडवीत होती, चौकटीला जाळं बांधलेलं, सुई भरभर चाललेली. अंगठा मोकळा, गाठीमागून गाठ. मी तिच्यासमोर बसले आणि माझी योजना सांगितली. साहेबांना बोलवू. त्यांच्यासमोर, सगळ्यांसमोर, तिनं पुन्हा एक कोपरा विणायचा.

तिचा हात थांबला नाही. "कशाला?"

"सिद्ध होईल."

"एकदा केलाय मी. चार केले. भितीवर टांगलेत. आता आणि पाचवा कशाला? मी काय जादूगार हाय, लोकांसमोर टोपीतून कोंबडा काढायला?"

मी म्हटलं, मग निदान पुढे कधी विणलंस तर एक गाठ ठेव, उलट्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी. खूण म्हणून. उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल.

तेव्हा मात्र सुई थांबली. "त्या म्हातारीन अख्खी बंदी घालवलान माझी गाठ सोडवायला," ती म्हणाली. "नि तू सांगतंस परत मार? एका कागदासाठी? नाय गो बाय. काम बिघडवून मी नाव लावणार नाय. नाव लावायचा काम तुमचा. तुमी शिकलेले." आणि पुन्हा जाळ्याकडे वळली. मी तिथे पाऊस उघडेपर्यंत बसले. खाडीचं पाणी तांबडं होऊन वाहत होतं. मी उठले तेव्हा तिनं मला सुकटीची पुडी दिली.

तिनं बरोबर सांगितलं. नाव लावायचं काम तिचं नाही. तिनं तिच्या वाट्याचं केलेलं आहे, आणि त्यात खोट काढायला बोटभर जागा ठेवलेली नाही. राहिलेलं काम माझं होतं, ते मी पेन्सिलनं केलं. आता ते शाईनं करायचं आहे, आणि ते मी एकटीनं करून भागणार नाही. माझे तीन अर्ज संस्थेकडे आहेत; पोच मिळाली, उत्तर नाही. एका बाईची कटकट म्हणून ते बाजूला ठेवता येतं. शंभर माणसांची कटकट बाजूला ठेवायला मोठं कपाट लागेल.

तेव्हा वाचणाऱ्या तुम्हाला थेट सांगते. संस्थेचं प्रदर्शनाचं दालन शहरातच आहे, रविवार सोडून रोज उघडं असतं. तुम्ही कुणाच्या तरी पाहुण्यांना घेऊन तिथे जाणारच आहात, गेल्या वर्षीही गेला असाल. जिना चढल्यावर डाव्या भिंतीवर तो रुमाल आहे. त्याच्यासमोर उभे राहा. सरळ बाजूंकडे बघून झालं की कोपऱ्यांकडे बघा, चारही. मग बाहेर टेबलावर अभिप्रायाची वही असते, ती उघडा. 'खूप सुंदर' लिहू नका, 'आपल्या संस्कृतीचा अभिमान वाटतो' लिहू नका. लिहा: चारही कोपरे हमीदाचे आहेत, नाव लावा आणि तिचं ओळखपत्र तिला द्या. खाली सही करा, आणि सहीत तुमचं नाव वाचता आलं पाहिजे.